डाव्या मागच्या चाकातलं ऑइल: एका जुन्या जीपच्या ॲक्सल सीलचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे विलीजच्या घराण्यातली, सीजे-3बी अंगाची महिंद्राची जुनी जीप, मूळ पेट्रोल होती पण मागे कधीतरी कुणीतरी डिझेल इंजिन टाकलेलं आणि तशीच ती कागदावर चढलेली. मालक पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यातले स्ट्रॉबेरीवाले शेतकरी, सत्तरीकडे झुकलेले, सगळे आबा म्हणतात म्हणून मी पण इथं आबाच लिहितो, गाव आणि खरं नाव मुद्दाम टाळलंय. सीझनमध्ये, म्हणजे डिसेंबरपासून ते मार्च-एप्रिलपर्यंत, पहाटे माल भरायचा आणि पसरणी घाट उतरून वाईला द्यायचा हे या जीपचं काम. बाकी वर्षभर खत, पाइप, मजूर, कधी पाहुणे.

मागचा ॲक्सल या जीपला सेमी फ्लोटिंग आहे, म्हणजे ॲक्सल शाफ्ट नुसतं चाक फिरवत नाही तर गाडीचं वजन पण त्याच्यावरच असतं. शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असतं, त्यावर चावी (हब शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) आणि हब (ज्याच्यावर चाक बसतं तो), आणि हब एका मोठ्या नटानं दाबून धरलेला. शाफ्टवर टेपर रोलर बेअरिंग असतं आणि ते ग्रीसमध्ये चालतं, डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या गियरपेटीच्या (आम्ही नुसतं डिफ म्हणतो), ऑइलमध्ये नाही. म्हणून तिथं सील, म्हणजे शाफ्टभोवती बसून ऑइल अडवणाऱ्या रबरी रिंगा, दोन येतात. आतला सील ट्यूबमध्ये, बेअरिंगच्या मागे, डिफचं ऑइल बाहेर येऊ नये म्हणून. बाहेरचा सील बेअरिंगच्या पुढे, ग्रीस ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊ नये म्हणून. हे दोन सीलचं लक्षात ठेवा कारण सगळं प्रकरण बरंचसं याच्यावरच फिरलंय.

अडचण काय होती

आबांची तक्रार साधी होती. "मिस्त्री, घाटात ब्रेक मारला की गाडी उजवीकडं वढती, आणि खाली वाईत पोचलो की डाव्या चाकातनं जळका वास येतो." डावं मागचं चाक बघितलं तर टायरच्या आतल्या बाजूला आणि बॅकिंग प्लेटच्या (ड्रमच्या मागच्या थाळीच्या) खालच्या कडेला काळं चिकट ऑइल, त्याच्यावर घाटाची लाल माती बसून थर झालेला. ड्रममध्ये ऑइल गेल्यावर डावा लायनर (ब्रेकचं अस्तर) धरणार कशाला, उजवा एकटा धरतो म्हणून गाडी ओढते. सपाटीवर हे चालवून घेतात लोक, वर्षानुवर्षं घेतात, पण पसरणी घाटात भरलेल्या गाडीला एक मागचं चाक कमी धरतंय ही गंमत नाही.

गाडी आमच्याकडं यायच्या आधी दोन ठिकाणी जाऊन आली होती. नावं घेत नाही, आणि घ्यायची गरज पण नाही कारण जे झालं ते कुठंही होतं. पहिल्या ठिकाणी ड्रममधलं ओलं बघून व्हील सिलेंडर (चाकातला ब्रेक दाबणारा सिलेंडर) लीक आहे असं ठरवलं आणि सिलेंडरचं किट टाकलं. महिनाभरात परत ओलं. दुसऱ्या ठिकाणी ऑइल सील बदलला, सील नवाच होता, आबांनी जुना सील पिशवीत ठेवून आणून दाखवला पण. तरी थोड्याच दिवसांत परत गळायला लागलं. तिसरा सल्ला कुणीतरी चहाच्या टपरीवर दिलेला की शाफ्टच खाल्लाय, वेल्डिंगनं भरून लेथवर खराद मारून घ्या, कायमचा प्रॉब्लेम मिटेल. आबा ते मनात पक्कं करूनच आले होते, फक्त लेथवाला चांगला कुठला एवढंच विचारायचं होतं त्यांना.

पहिला निर्णय: नेमकं गळतंय काय

ड्रममध्ये ओलं दिसलं की तीन गोष्टी असू शकतात, ब्रेक ऑइल, डिफचं गियर ऑइल किंवा पातळ झालेलं ग्रीस, आणि तिन्हीचे इलाज वेगळे. हे ओळखायला मशीन लागत नाही. वाटीत पाणी घ्यायचं आणि त्यात थेंब टाकायचा. डॉट 3, डॉट 4 वालं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गियर ऑइल वर तरंगतं आणि तवंग येतो. शिवाय गियर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा हाताला लागलं की साबणानं पण दिवसभर जात नाही. आणि ब्रेक ऑइल गळत असेल तर मास्टर सिलेंडरची टाकी कमी होणारच, इथं आबा म्हणाले टाकीत वर्षभर टाकलेलं नाही. म्हणजे पहिल्या ठिकाणी सिलेंडरचं किट टाकलं ते वायाच गेलं म्हणायचं, पाच मिनिटांत हे कळलं असतं.

थेंब तरंगला. गियर ऑइलच होतं, त्यात ग्रीस मिसळून करडं झालेलं.

आता इथं सरळ रस्ता असा की गियर ऑइल आहे तर सील गेला, सील बदला. पण सील तर नुकताच बदललेला. सील ही शंभर-दोनशेची वस्तू, ती बिघडते पण उगाच दर थोड्या दिवसांनी बिघडत नाही, त्यामुळं गाडी जॅकवर घ्यायच्याही आधी आम्ही ठरवलं की या वेळी सील बदलणं हे शेवटचं काम, आधी तो कशामुळं जातोय ते शोधायचं. आबांना हे फार पटलं नाही कारण त्यांना गाडी संध्याकाळी परत हवी होती, माल तोडून ठेवलेला, स्ट्रॉबेरी काय थांबत नाही. शेवटी त्यांनी शेजाऱ्याची पिकअप दोन-तीन दिवसांसाठी बघितली आणि गाडी सोडून गेले. हे नसतं झालं तर पुढचं अर्धं काम झालंच नसतं, हे खरं.

खोलायच्या आधी काय तपासलं

पहिलं ऑइलची लेव्हल. डिफच्या फिलर बोल्टपर्यंत ऑइल पाहिजे, त्याच्या वर नाही. बोल्ट सैल केला तर भसकन ऑइल बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर सूंऽऽ करून हवा पण आली. गाडी थंड होती, रात्रभर उभी नव्हती पण दोन-तीन तास नक्की झालेले. थंड ॲक्सलमधून अशी दाबातली हवा निघणं बरोबर नाही. आमचा पोरगा पटकन ब्रीदर बघायला खाली घुसला आणि म्हणाला ब्रीदर दिसतच नाहीये.

दिसणार कसा. ॲक्सल हाउसिंगवर वरच्या बाजूला छोटीशी टोपी असते, तिच्यातून आतली हवा ये-जा करते. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन परत करून घ्यावं लागतं, आणि आपल्याकडं पासिंगच्या आधी गाडीला खालून काळा रंग फवारून घ्यायची पद्धत आहे, गाडी बरी दिसावी म्हणून. या जीपचं पासिंग आदल्या वर्षी झालेलं. रंगवाल्यानं चिखलासकट सगळं काळं केलं आणि त्यात ब्रीदर पण रंगाखाली गाडला गेला. आबांना विचारलं गळती कधीपासून, ते म्हणाले पासिंगनंतरच्या पावसाळ्यापासून, पण त्यांनी दोन्हीचा संबंध कधी लावला नव्हता, आणि कुणी का लावावा.

हवा बंद असेल तर होतं काय याचा ढोबळ हिशोब. सकाळी ॲक्सल 25 अंशांवर असेल आणि घाट चढून-उतरून 85 अंशांवर गेला, तर बंद जागेतल्या हवेचं प्रेशर साधारण 20 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे वातावरणापेक्षा 0.2 बार, आपल्या भाषेत 3 पीएसआयच्या आसपास जास्त. ऐकायला काहीच वाटत नाही, टायरमध्ये एवढी हवा असेल तर टायर पंक्चर म्हणतो आपण. पण साधा रबरी ओठाचा सील प्रेशर धरायला बनवलेलाच नसतो, तो फक्त उडणारं ऑइल अडवतो. त्याच्या ओठावर मागून असा दाब रोज येत राहिला तर ऑइल बाहेर ढकललं जातं आणि ओठ शाफ्टवर जास्त दाबून घासला जातो, लवकर झिजतो. उलट बाजूनं गाडी थंड होताना आत ओढ तयार होते, त्याच ओठाखालून धूळ-पाणी आत जातं, म्हणजे झिजायला वाळू पण मिळाली. आबा परत आल्यावर त्यांना हे सांगितलं तर ते एका वाक्यात म्हणाले, "म्हंजी कुकरची शिट्टी दाबून धरल्यावानी झालं की."

मग लेव्हल जास्त का होती. तर ऑइल गळतंय म्हणून आबा अधूनमधून टाकायचे, आणि टाकायचे ते घरासमोरच्या अंगणात. अंगण उतरतं. गाडी रोज डावी बाजू खाली करूनच उभी. तिरक्या गाडीत फिलरमधून बाहेर येईपर्यंत भरलं की सपाटीवर ते जास्तच असणार. या ॲक्सलला सव्वा लिटरच्या आसपास ऑइल पुरतं, आम्ही काढलं तेव्हा गळती असूनसुद्धा त्याच्यापेक्षा बरंच जास्त निघालं. डावीच बाजू का गळते, उजवी का नाही, याचं उत्तर पण त्या अंगणातच होतं, रात्रभर डाव्या ट्यूबमध्ये ऑइल सीलला टेकून उभं.

तिसरी गोष्ट म्हणजे प्ले, म्हणजे ढिलेपणा. चाक वर घेऊन वर-खाली आणि आत-बाहेर हलवलं. आत-बाहेर हाताला जाणवेल इतका प्ले होता. या प्रकारच्या ॲक्सलला शाफ्टचा आत-बाहेरचा प्ले 0.1 ते 0.2 मिलीमीटर ठेवायचा असतो, इंचात चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि तो बॅकिंग प्लेटच्या मागच्या पातळ शिमनं, म्हणजे पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतो. हाताला एवढं कळतंय म्हणजे अर्ध्या मिलीमीटरच्या आजूबाजूला असणार, नंतर डायल (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावून बघितलं तर तेवढाच निघाला. आता सीलचा ओठ एका जागी बसलेला, आणि त्याच्यातून जाणारा शाफ्ट प्रत्येक वळणावर आत-बाहेर आणि बेअरिंग ढिलं असल्यानं थोडा वर-खाली पण होतोय, तो ओठ किती दिवस टिकणार.

खोलल्यावर काय दिसलं

हब काढायला पुलर लागतो. इथं एक गोष्ट तरुण पोरांना मुद्दाम सांगतो, नट पूर्ण काढून पुलर लावायचा नाही, नट चार आटे आत ठेवूनच पुलर कसायचा. निमुळत्यावर घट्ट बसलेला हब सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो, नट नसेल तर सगळं अंगावर. आणि हातोडा तर अजिबात नाही, कारण डाव्या-उजव्या शाफ्टची आतली टोकं मध्ये एका ब्लॉकला टेकलेली असतात, इकडून हाणलं की मार तिकडच्या बेअरिंगपर्यंत जातो. या जीपच्या शाफ्टच्या टोकाचे पहिले आटे फुललेले होते. आधी कुठंतरी हातोडा खाल्लेला.

ड्रम निघाल्यावर लायनर ऑइलनं तुडुंब. शाफ्ट बाहेर ओढला आणि तिथं कोडं सुटलं, नवा सील होता तो बाहेरचा. आतला सील जुनाच, रबर कडक झालेलं, नखानं दाबलं तर प्लॅस्टिकसारखं, ओठावरची स्प्रिंग एका जागी निसटलेली. बाहेरचा सील हब काढला की समोर दिसतो म्हणून तो बदलला गेला. आतल्याला शाफ्ट ओढावा लागतो, शाफ्टला बॅकिंग प्लेट, तिला ब्रेकचा पाइप, म्हणजे नंतर ब्रेकच्या पाइपमधली एअर काढणं आलं, एवढं कोण करणार. पण डिफचं ऑइल अडवायचं काम आतल्याचं. ते पुढं आलं की बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं, आणि मग ग्रीस अडवायला बसवलेल्या बाहेरच्या सीलवर पातळ ऑइल येतं.

शिम बघितले तर दोन शिम वेगळ्याच जाडीचे आणि एका बाजूला गॅस्केट पेस्टचा जाड थर. लीक थांबावं म्हणून कुणीतरी पेस्ट थापलेली, पण शिमच्या जागी जे काही जाड लावाल ते प्लेमध्ये जमा होतं.

शाफ्टवर आतल्या सीलच्या जागी गोल रेघ पडलेली, नख अडकत होतं पण खोल नव्हती. बेअरिंगचे रोलर निळसर पडले होते, कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर) डाग. बेअरिंग जाणार हे ठरलंच.

पर्याय आणि कुठला का घेतला

खरा विचार करायला लागला तो शाफ्टवरच्या रेघेचा. चार रस्ते होते.

वेल्डिंगनं भरून खराद मारणं, म्हणजे आबांच्या मनातला. याला मी सरळ नाही म्हणालो. ॲक्सल शाफ्ट उष्णता देऊन कडक केलेला असतो, त्याच्यावर वेल्डिंगचा गोल घेतला की त्या पट्ट्यात लोखंडाचा गुण बदलतो, बाजूला ठिसूळपणा येतो आणि पुढं कधीतरी तिथूनच तुटतो. फुल फ्लोटिंग ॲक्सल असता, ट्रकसारखा, तर शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी फक्त पुढं जात नाही. इथं सेमी फ्लोटिंग आहे. शाफ्ट तुटला की चाकाला नीट आधार उरत नाही, हब, ड्रम आणि चाक सगळं मिळून गाडीतून बाहेर निघू शकतं. पसरणी घाटात. आबा म्हणाले, "पर लई जणांनी केलंय की." केलंय, बरोबर आहे, आणि बऱ्याच जणांचं चाललंय पण, पण त्यातले घाटात रोज भरून उतरणारे किती हे मला माहिती नाही आणि शोधायची इच्छा पण नाही.

दुसरा रस्ता शाफ्टच बदलणं. नवा मिळायची खात्री नाही, जुना पुण्यात नाना पेठेत फिरलं तर मिळू शकतो, पण जुन्याच्या पण सीलच्या जागी रेघ असणारच, आणि स्प्लाइन (शाफ्टच्या आतल्या टोकाचे दात) किती खाल्लेत, निमुळतं बरोबर आहे का, हे सगळं हातात घेऊन बघावं लागतं. सीझनच्या मध्यात ते जमणारं नव्हतं.

तिसरा रस्ता रिपेअर स्लीव्ह, म्हणजे पाव मिलीमीटरच्या आसपास जाडीची स्टेनलेसची बांगडी, जी शाफ्टवर रेघेच्या वर दाबून बसवायची, मग सीलच्या ओठाला नवी गुळगुळीत जागा मिळते, आणि पातळ असल्यानं सीलचा साइज पण तोच राहतो. चांगला इलाज आहे, मला आवडतो. पण शाफ्टचा नेमका व्यास मोजून ऑर्डर करावी लागते, साताऱ्यात दुकानात उभं राहून मिळेलच असं नाही, मागवायला वेळ.

चौथा म्हणजे सील जरा पुढं-मागं बसवणं. ओठ जर रेघेपासून दीड-दोन मिलीमीटर बाजूला चालला तर त्याला अजून न झिजलेली जागा मिळते. पैसा शून्य. पण यात धोका असा की सील ट्यूबमध्ये पूर्ण खांद्याला टेकवून बसत नाही, तिरका बसायची भीती, आणि पुढं बेअरिंगच्या कपला घासेल का हे मोजल्याशिवाय करायचं नाही. व्हर्नियरच्या मागच्या काडीनं खोली मोजली, नव्या सीलची जाडी वजा केली, कपपर्यंत तीन मिलीमीटरच्या वर जागा राहत होती. म्हणजे दोन मिलीमीटर सोडता येतात.

आम्ही चौथा घेतला, आणि दोन्ही बाजूंना पुरतील अशा स्लीव्ह मागवून ठेवायला सांगितल्या. रेघ खोल असती तर मी हे केलं नसतं, गाडी थांबवूनच ठेवली असती.

दुसरा विचार लायनरचा. ऑइल प्यायलेले लायनर पेट्रोलमध्ये धुऊन, वर ज्योत मारून परत बसवायची पद्धत सगळीकडं आहे. दिसतात कोरडे. पण ऑइल आतल्या बारीक छिद्रांत असतं, ड्रम तापला की परत वर येतं, आणि तापणार तो नेमका घाटातच. नवे लायनर, आणि डाव्याला नवे तर उजव्याला पण नवे, नाहीतर गाडी आता डावीकडं ओढणार. आबा इथं थोडे कुरकुरले कारण उजवे बरे होते. जाता जाता एक, जुने ड्रम खोलल्यावर आतली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा.

काय केलं

पहिलं काम ब्रीदरचं. काळा रंग खरवडला, टोपी काढली तर आत रंग आणि मातीचा गोळा. टोपीच्या जागी निपल बसवला आणि त्याला ऑइलला टिकेल अशी रबरी नळी जोडून ती वर चेसिसपर्यंत नेली, टोक खाली वळवून बांधलं. पाण्या-चिखलातून गेलं तरी आत पाणी जाणार नाही. सगळ्या कामात सगळ्यात स्वस्त काम हे.

मग शाफ्टवरची रेघ बारीक एमरीनं नुसती कड मारण्याइतकी पुसली, शाफ्ट फिरवून, उभ्या रेषा पडू न देता, कारण उभी रेषा म्हणजे ऑइलला रस्ताच. ट्यूबमधल्या सीलच्या जागेवर छिन्नीचा एक ओरखडा होता, तो साफ करून सीलच्या बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ हात दिला. सील बसवायला लेथवाल्याकडून पाइपचा तुकडा बरोबर व्यासाचा करून आणला, त्यावर दोन मिलीमीटरची पायरी ठेवून घेतली, म्हणजे सील आपोआप हवा तेवढाच आत जातो आणि सरळ जातो. स्प्रिंग असलेली उघडी बाजू ऑइलकडं. हे उलटं बसवलेले सील मी पाहिलेत, हसू नका.

शाफ्ट आत घालताना सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. स्प्लाइनचे दात नव्या सीलच्या ओठावरून घसटत गेले तर सील बसवायच्या दिवशीच गेला. स्प्लाइनवर टेप गुंडाळून जमत नाही कारण तो आत डिफमध्ये जायचा असतो, त्यामुळं एकानं शाफ्टचं वजन उचलून धरायचं, मध्यभागी ठेवत ढकलायचं, ओठाला आधी ऑइल लावायचं. दोन माणसांचं काम आहे, एकट्यानं करू नये.

नवं बेअरिंग, नवा कप, ग्रीस नीट भरून. शिम सगळे काढून साफ केले, पेस्ट खरवडली, आणि बोल्ट पूर्ण कसून डायलवर प्ले बघत शिम कमी करत आणलं. मध्ये एकदा प्ले इतका कमी झाला की शाफ्ट हातानं फिरेना, परत एक पातळ शिम वाढवला. शेवटी 0.15 च्या आसपास थांबलो. बाहेरचा सील पण नवा टाकला, तो ऑइलमध्ये भिजलेला परत वापरण्यात अर्थ नव्हता.

हबचा नट किमान 150 फूट-पौंड, म्हणजे 200 न्यूटन मीटरच्या आसपास, आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढं कसून जुळवायचं, मागं सोडून कधीच नाही. निमुळत्यावर हब ढिला राहिला की चावी एकटी सगळा भार घेते आणि चावीची खाच खराब होते.

ऑइल 90 नंबरचं ईपी (गियरच्या जास्त दाबाला टिकणारं), गाडी गॅरेजच्या सपाट फरशीवर उभी करून, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. एअर काढली, ब्रेक ॲडजस्ट केले. पहिली ट्रायल रिकाम्या गाडीची घेतली, मग पोती टाकून घाट अर्धा चढून-उतरून. परत आल्यावर हात लावून दोन्ही ड्रम सारखेच गरम आहेत का बघितलं, आणि फिलर बोल्ट सैल करून बघितला. सूं नाही.

निकाल

डावी बाजू सीझनभर कोरडी राहिली. आबांनी मध्येच एकदा येऊन ड्रम काढायला लावला, त्यांचा विश्वास बसत नव्हता, आत फक्त लायनरची धूळ होती. गाडी ओढायची थांबली, वास थांबला.

उजवी बाजू मात्र सीझन संपता संपता ओलसर दिसायला लागली. आश्चर्य नव्हतं. प्रेशर तर दोन्ही ट्यूबमध्ये तेवढंच होतं, तिचा आतला सील पण त्याच वयाचा, फक्त अंगणाच्या उतारामुळं तिच्यावर ऑइल उभं राहत नव्हतं म्हणून ती मागं राहिली. मे महिन्यात ती खोलली, स्लीव्ह तोपर्यंत आलेल्या होत्या, तिकडं स्लीव्ह टाकूनच सील बसवला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न लोक विचारतात तो उजवी बाजू तेव्हाच का नाही खोलली. मधला ब्लॉक दोन्ही शाफ्टला सामाईक असतो, प्ले पण दोघांचा मिळूनच मोजला जातो, त्यामुळं दोन्ही बाजू एकत्र उघडून शिम वाटून घेणं तांत्रिकदृष्ट्या जास्त बरोबर. पण तेव्हा उजवीकडं थेंब नव्हता, बेअरिंगला आवाज नव्हता, आबांची पिकअप भाड्याची आणि माल शेतात. आम्ही त्यांना दोन्ही आकडे सांगितले, एका बाजूचा आणि दोन्हीचा, आणि उजवी काही महिन्यांत येणार हे पण सांगितलं. त्यांनी एक बाजू निवडली. सीझन नसता तर मी दोन्हीसाठीच अडून बसलो असतो.

आधीच्या दोन ठिकाणांबद्दल बोलायचं तर वाटीभर पाण्याची टेस्ट पहिल्यांदाच झाली असती तर सिलेंडरचा खर्च वाचला असता, आणि दुसऱ्या ठिकाणी निघालेला सील कुठला हे आबांना सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं की अजून एक आत आहे. गाडीमालकानं "सील बदलला" एवढ्यावर न थांबता कुठला बदलला, आतला की बाहेरचा, हे विचारावं. आणि शाफ्ट ओढला होता का, हे पण, कारण शाफ्ट न ओढता आतला सील बदलता येतच नाही.

सील पुढं सरकवून बसवण्याबद्दल माझ्याच गॅरेजमध्ये मतं वेगळी आहेत. आमचे थोरले मिस्त्री म्हणतात की खांद्याला न टेकलेला सील हा उधारीवरचा सील, गाडी चार दिवस ठेवून स्लीव्हच टाकायला पाहिजे होती. मला वाटतं रेघ एवढी उथळ असताना, आणि प्ले व ब्रीदर दोन्ही दुरुस्त केल्यावर, तो टिकायला हरकत नाही, आणि आत्तापर्यंत टिकलाय. पुढच्या वेळी डावी बाजू कुठल्याही कारणानं उघडली तर दुसरी स्लीव्ह तिथं जाणार, ती डबीत नाव लिहून ठेवली आहे.

राहिलेलं काम एकच, डाव्या शाफ्टचं निमुळतं आणि चावीची खाच. फुललेले आटे आम्ही फाइलनं आणि डायनं सरळ केले पण खाचेची एक कड दबलेली आहे. सध्या हब घट्ट बसतो, नटाला टॉर्क धरतो, दर सर्व्हिसला स्प्लिट पिन काढून टॉर्क बघायचा असं आबांच्या वहीत लिहून दिलंय. दिवाळीच्या आधी नाना पेठेत चक्कर मारून एखादा बरा शाफ्ट मिळतो का ते बघणार आहोत, आणि आबांचं म्हणणं आहे की ते स्वतः बरोबर येणार.